विचारल्याची पावती

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण कडेला अ‍ॅन्सन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. वस्ती एखाद्या लहान तालुक्याएवढीही नाही, जेमतेम २२ हजारांच्या आसपास, पण कचेऱ्या जिल्ह्याच्या थाटाच्या. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याकडे वडिलोपार्जित शंभर एकर रान आहे. निम्म्या रानाला उतार, पावसाच्या पाण्याने पडलेल्या ओघळी, गुरं थेट ओढ्यात उतरतात. ओढ्याकाठचं कुंपण, ओघळी बुजवून केलेला गवताचा पाट, हिवाळ्यात जमीन झाकून ठेवणारं पीक, या सगळ्याच्या खर्चातला मोठा वाटा सरकार उचलतं. कायद्याने तो अर्ज करू शकतो. पण हे त्याला सांगायचं कुणी?

योजनांबद्दल लिहिताना आपण बहुतेक वेळा रकमेवर बोलतो: किती कोटींची तरतूद, किती टक्के अनुदान. माणूस योजनेपर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न प्रचार-प्रसिद्धीचा म्हणून बाजूला पडतो. अमेरिकेतल्या शेती-मदतीचा इतिहास पाहिला की उलट वाटायला लागतं. तिथले सगळ्यांत मोठे अन्याय अर्ज फेटाळून झालेले नाहीत. ते अर्ज हातातच न देऊन झाले. आणि त्यावर तिथल्या कायद्याने काढलेला एक छोटासा उपाय आपण उचलावा, असं माझं म्हणणं आहे. त्याआधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू.

अ‍ॅन्सनच्या शेतकऱ्याने जायचं ते केंद्रीय कृषी खात्याच्या सेवा केंद्रात. देशभरात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं आहेत. एका छपराखाली निदान दोन यंत्रणा बसतात. एक फार्म सर्व्हिस एजन्सी: कर्ज, आपत्तीची भरपाई, पिकांच्या भावाचा आधार, आणि धूपप्रवण जमीन दहा ते पंधरा वर्षं पडीक ठेवून गवत-झाडं लावल्याबद्दल दरवर्षी भाडं देणारी सीआरपी ही १९८५ पासूनची योजना. दुसरी नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा, एनआरसीएस. कुंपण, गवताचा पाट, आच्छादन पिकं, शेणखताची साठवण अशा कामांना पैसा देणारी ‘इक्विप’ योजना हिच्याकडे. सहसा तिथेच तिसरं टेबल असतं मृद व जलसंधारण डिस्ट्रिक्टचं. हे ना केंद्राचं, ना काउंटीचं. राज्याच्या कायद्याखाली उभी राहिलेली ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते.

आपला माणूस ओघळींबद्दल विचारायला एनआरसीएसच्या टेबलाशी जातो. पहिला प्रश्न येतो, फार्म नंबर आहे का? नसेल तर शेजारच्या टेबलावर जाऊन जमिनीचे कागद दाखवायचे, नकाशावर तुकडे निश्चित करायचे, नंबर घ्यायचा. मग एक फॉर्म: धूपप्रवण जमीन आराखड्याशिवाय नांगरणार नाही, पाणथळ जागा पिकासाठी बुजवणार नाही, असं लिहून द्यायचं. मग उत्पन्नाचं प्रमाणपत्र, वर्षाला सरासरी नऊ लाख डॉलरच्या आत असल्याचं. मग संवर्धन अधिकारी रानात येऊन चालतो, आराखडा करतो, अर्ज भरला जातो, अर्जाला गुण मिळतात, गुणांवर क्रम लागतो, क्रमात बसला तर करार. या साखळीत आधीच उत्साहाने कुंपण घातलं तर त्या कुंपणाचे पैसे गेले. आपल्याकडे ठिबकवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल जोडलं की अनुदानाचं काय होतं ते त्यांना सांगायला नको.

यातली एकही अट स्वतंत्रपणे पाहिली तर वावगी नाही. सार्वजनिक पैसा द्यायचा तर जमीन कुणाची हे विचारावंच लागतं. पण पायऱ्या चढून गेलेल्यालाच पायऱ्या किती ते ठाऊक असतं. ज्याच्या बापाने १९८६ मध्ये पहिला करार केला त्याच्या घरात फार्म नंबर आहे, फायली आहेत, अधिकाऱ्याचा फोन नंबर आहे. ज्याच्या घरात हे कधीच नव्हतं तो दाराशी येऊन विचारतो, ‘काही मदत मिळते का?’ त्याचं पुढचं आयुष्य त्या एका उत्तरावर ठरतं. आणि त्या उत्तराची कुठे नोंद होत नसे.

अ‍ॅन्सनच का निवडली, त्याला कारण आहे. ह्यू हॅमंड बेनेट हा मृद संधारणाचा आद्य प्रचारक याच काउंटीत १८८१ मध्ये जन्मला. जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. ऐकलं कुणी नाही, जोपर्यंत मधल्या मैदानी प्रदेशातली माती उडून पूर्वेच्या शहरांवर येऊ लागली नाही. १९३५ च्या वसंतात तो संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होता आणि वादळाची धूळ वॉशिंग्टनवर येईपर्यंत त्याने बोलणं लांबवलं, अशी एक कथा सांगतात. कथेला थोडा मीठमसाला लागला असेल. पण त्या वर्षीच्या १४ एप्रिलला मैदानी राज्यांत भरदिवसा अंधार करणारं वादळ झालं, आणि २७ एप्रिलला मृद संधारण कायद्यावर सही झाली, हे खरं.

कायदा झाल्यावर अडचण उभी राहिली ती अशी: वॉशिंग्टनचा माणूस कुणाच्या खासगी रानात जाऊन बांध कुठे घाल हे सांगू शकत नव्हता. सांगितलं तरी ऐकणार कोण? म्हणून १९३७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सगळ्या राज्यपालांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला. शेतकऱ्यांनी मतदान करून आपलं संधारण डिस्ट्रिक्ट स्थापन करावं, आपले पर्यवेक्षक निवडावेत, आणि केंद्राने तिथे तंत्रज्ञ द्यावेत. पहिलं डिस्ट्रिक्ट ४ ऑगस्ट १९३७ रोजी अ‍ॅन्सन काउंटीतच ब्राउन क्रीकच्या खोऱ्यात झालं. आज देशात अशी जवळपास तीन हजार आहेत. आयोवात काउंट्या ९९ आणि डिस्ट्रिक्ट १००, कारण पॉटावाटामी नावाच्या एका काउंटीने पूर्व आणि पश्चिम अशी दोन केली. भावकीचे वाद सगळीकडे असतात म्हणायचे.

मिसूरीत तर मतदारांनी १९८४ मध्ये स्वतःवर कर लावून घेतला: विक्रीवर एक दशांश टक्का, त्यातला अर्धा राज्य उद्यानांना, अर्धा माती-पाण्याला. या कराला मुदत आहे. मुदत सरत आली की पुन्हा मतदान, आणि लोकांनी तो आजवर प्रत्येक वेळी चालू ठेवला, अगदी २०१६ मध्येही. तिथल्या ११४ काउंट्यांपैकी प्रत्येकीत डिस्ट्रिक्टचं कार्यालय आहे, ते काही अंशी या पैशावर. मृद संधारणासाठी खिशातून पैसे द्यायला शहरी मतदार तयार होतो, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत कौतुकाचं वाटतं. त्याला कारण एवढंच असावं की त्या पैशाचा पत्ता त्याला माहीत असतो.

पण ‘स्थानिक’ म्हटलं की आपले डोळे पाणावतात, ते थोडे पुसून घ्यायला हवेत. याच काळात, याच तत्त्वावर काउंटी समित्या उभ्या राहिल्या. आजही फार्म सर्व्हिस एजन्सीच्या प्रत्येक समितीत तीन ते अकरा निवडून आलेले शेतकरी असतात, तीन वर्षांच्या मुदतीने, टपालाने मतदान होऊन. जुन्या काळी त्यांच्या हाती फार मोठी सत्ता होती. कापूस किंवा तंबाखू किती एकरांत लावायचा याचा कुणाला किती वाटा, सरकारी कर्जाला कोण पात्र, हे स्थानिक समित्या ठरवत. दक्षिणेत या समित्या गोऱ्या जमीनदारांच्या होत्या. १९६४-६५ मध्ये मिसिसिपी आणि अलाबामात नागरी हक्कांचे कार्यकर्ते या समित्यांच्या निवडणुकीत काळे उमेदवार उभे करत होते. मतदानाच्या हक्कासाठी माणसं मारली जात असताना कापसाच्या समितीची निवडणूक त्यांना लढवण्याजोगी वाटली. तिथे काय पणाला लागलं होतं ते यावरून कळावं.

काळ्या शेतकऱ्यांच्या तक्रारी एका साच्यातल्या असत. फॉर्म संपलेत. पैसे संपलेत. पुढच्या आठवड्यात या. साहेब बाहेर गेलेत. आणि कर्ज मंजूर झालंच तर पेरणी उलटून गेल्यावर हातात. तक्रार कुठे करायची? कृषी खात्याची नागरी हक्क तपासणारी शाखा १९८३ मध्ये मोडीत काढली गेली होती, तक्रारी नुसत्या साठत होत्या. शेवटी १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्याच टिमथी पिगफर्ड या शेतकऱ्याच्या नावाने खटला उभा राहिला, १९९९ मध्ये तडजोड झाली, आणि पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांना मिळून एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम गेली. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार काळे शेतकरी होते. अलीकडच्या कृषी गणनेत ते ५० हजारांच्या आत आहेत. या घसरणीला इतरही कारणं आहेत, यंत्रं आली, लोक शहरांकडे गेले. पण गोऱ्या शेतकऱ्यांची संख्या याच्या जवळपासही एवढ्या प्रमाणात घटलेली नाही.

पिगफर्डच्या तडजोडीतला पुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. दावा दाखल करायला मुदत होती. मुदत उलटून गेल्यावर साठ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि म्हणाले, आम्हाला कळलंच नाही. ‘माहीत नव्हतं’ हे पुरेसं कारण नाही, म्हणून त्यातल्या बहुतेकांना आत घेतलं गेलं नाही. ज्या अन्यायाचं मूळ माहिती न मिळण्यात होतं, त्याच्या भरपाईची माहितीही त्याच माणसांपर्यंत पोचली नव्हती! २००८ मध्ये संसदेला स्वतंत्र तरतूद करून त्यांच्यासाठी दार पुन्हा उघडावं लागलं आणि २०१० मध्ये सव्वा अब्ज डॉलर मंजूर झाले.

आता न्यायालयाच्या नजरेने पाहा. अर्ज दिला आणि फेटाळला, तर कागद आहे. कागद आहे म्हणजे तारीख आहे, कारण आहे, अपील आहे. अर्ज दिलाच नाही, तर कार्यालयाच्या रजिस्टरात काहीही घडलेलं नाही. वर्षअखेरीचा अहवाल स्वच्छ: आलेले अर्ज इतके, मंजूर इतके. दाराशी येऊन परत गेलेला माणूस आकडेवारीत जन्मलाच नाही.

यावर २००८ च्या शेती कायद्यात एक कलम आलं. वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नसावी, इतकं ते किरकोळ दिसतं. एखाद्या शेतकऱ्याने, किंवा शेतकरी होऊ पाहणाऱ्या माणसाने, कृषी खात्याच्या ठरावीक यंत्रणांकडे समक्ष वा लेखी काही मदत मागितली आणि पावती मागितली, तर त्याच दिवशी ती द्यायची. पावतीवर तारीख, ठिकाण, काय विचारलं तो विषय, आणि कार्यालयाने काय केलं, काय केलं नाही किंवा काय सुचवलं. २०१४ च्या कायद्याने ‘पावती मागितली तर’ ही अट काढून टाकली. आता विचारलं की पावती द्यायचीच.

हे कलम लिहिणाऱ्याला कचेरीचा अनुभव नक्कीच असणार. ‘काय केलं नाही’ हे शब्द तिथे बसवायला दहा अहवाल वाचून जमत नाही. बाकावर बसून वाट पाहिलेली असावी लागते. अर्जाची पोच आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ही प्रश्नाची पोच आहे. नकार तोंडी असेल तर त्याला कागदावर यायला भाग पाडणारी.

तिचे गोडवे किती गायचे? बेताने. पावत्या अनेकदा एका ओळीच्या निघतात, आणि कायदा आहे हे न कळलेला माणूस पावती मिळाली नाही म्हणून भांडत नाही. भेदभावाची जखम तर बुजलेली नाहीच. २०२१ च्या आधी खात्याच्या कर्जांमध्ये भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून अधिक लोकांना २०२४ च्या जुलैत मिळून सुमारे दोन अब्ज डॉलर द्यावे लागले. शिवाय पावतीने पैसा वाढत नाही. २०१० ते २०२० या दशकात इक्विपसाठी अर्ज करणाऱ्या साधारण तिघांपैकी एकालाच करार मिळाला. दोघे रांगेतच राहिले. पण ते रांगेत तरी आहेत, त्यांच्याबद्दल बोलता येतं, त्यांच्या संख्येवरून संसदेत निधी मागता येतो.

दरम्यान सगळीकडे एक सोपं उत्तर तयार आहे: वेबसाइट. सगळ्या योजना एका पोर्टलवर, घरबसल्या अर्ज. हे चांगलंच आहे, ते नको असं म्हणणारा मी कोण. पण यादी उघडून दिली म्हणजे योजना सापडली असं होत नाही. ओढ्याकाठी किती फूट रुंद गवताची पट्टी हवी हे स्क्रीनवर ठरत नाही, रानात चालून ठरतं. १ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा काय झालं ते पाहा. वेबसाइट होत्याच. ऐन सुगीत कार्यालयांना कुलूप लागल्यावर ओरड झाली, आणि तीनेक आठवड्यांत सुमारे २,१०० काउंटी कार्यालयं प्रत्येकी दोन माणसांवर उघडावी लागली, बाकीचं सरकार बंद असतानाही. शेतकऱ्याला खुर्चीत बसलेला माणूस हवा असतो, हे तिथल्या सरकारने त्या आठवड्यांत नाइलाजाने कबूल केलं.

आणि संधारणाच्या योजनांना तो माणूस जास्तच लागतो. कारण असं की ज्या योजनेत काही विकलं जातं, तिला दलाल आपोआप मिळतो. महाराष्ट्रात ठिबकची माहिती शेतकऱ्याला कुणाकडून मिळते? बहुतेक वेळा डीलरकडून. तोच सातबारा मागून घेतो, तोच अर्ज भरतो, तोच मोका तपासणीच्या वेळी हजर असतो. अल्पभूधारकाला राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान, हे गावात पोचवणारा खरा प्रसारक तो आहे, आणि त्याची मी निंदा करणार नाही. धंद्यासाठी का होईना, त्याने काम केलं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, शेततळ्याचं प्लास्टिक, सौर पंप, या प्रत्येकामागे एक विक्रेता उभा आहे. पण समतल बांध, उतारावरची पिकांची फेरपालट, कमी नांगरट, बांधावरचं गवत, यांचा डीलर कोण? यात कुणाला कमिशन नाही. उलट कमी नांगरट म्हणजे डिझेल कमी खपणार. ज्या गोष्टीत माती वाचते पण माल खपत नाही, ती गोष्ट शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणारा पगारी सरकारी माणूस नसेल तर कुणीच नाही.

अमेरिकेतही पैशाचा ओघ असाच लोखंड-काँक्रीटकडे जातो. इक्विपच्या निधीतला ठरावीक हिस्सा पशुपालनासाठी राखीव असतो, २००२ च्या कायद्यात ६० टक्के होता, २०१८ मध्ये ५० वर आला. त्यातून वराहपालनाच्या मोठ्या उद्योगांच्या मलमूत्र साठवण्याच्या टाक्यांनाही पैसा जातो. नद्या स्वच्छ ठेवायच्या तर टाक्या लागतात, हा युक्तिवाद अगदी खोटा नाही. पण ज्याच्याकडे सल्लागार आणि कंत्राटदार आहेत त्याचा अर्ज चोख येतो, आणि ओघळी बुजवू पाहणारा अ‍ॅन्सनचा माणूस अजून फार्म नंबर शोधत असतो.

फार्म नंबरची गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. दक्षिणेतल्या काळ्या कुटुंबांच्या पुष्कळ जमिनी मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वारसांत वाटल्याविना राहिल्या आहेत. पंधरा-वीस वारस, काही शिकागोत, काही कुठे कुणाला ठाऊक नाही. कसणारा एक, कागदावर कुणीच नाही. म्हणून नंबर नाही, म्हणून योजना नाही. २०१८ च्या कायद्याने अशा कसणाऱ्याला दुसऱ्या पुराव्यांवर नंबर देण्याची वाट काढली. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारसनोंद रखडलेली, कसणारी विधवा सून, हे चित्र कुठल्याही तालुक्यात मिळेल. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांकाने बोगस लाभार्थी कमी होतील, मान्य. पण तो जमिनीच्या नोंदीवर उभा आहे, आणि बटाईने कसणाऱ्याचं नाव त्या नोंदीत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या पुराव्यांची वाट आपल्याला अजून काढायची आहे.

आणि पत्ता? आपल्याकडे एकच पत्ता कधी नव्हताच. नुसती विहीर घ्या. रोजगार हमीतून हवी असेल तर ग्रामपंचायत आणि पंचायत समिती. अनुसूचित जातीचा शेतकरी असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, जमातीचा असेल तर बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. दोन्ही जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे, जो तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून वेगळा. विहिरीवर पंप बसवायचा तर महावितरण. विहिरीला पाणी राहावं म्हणून वरच्या अंगाला बांधबंदिस्ती हवी तर मृद व जलसंधारण नावाचा आणखी एक विभाग. अर्ज महाडीबीटीवर, पण अर्ज भरणार सेवा केंद्रातला मुलगा, आणि त्याला विहिरीतलं काही कळावं अशी अपेक्षाही नाही. पूर्वी सोडत निघायची. आता जो आधी अर्ज करेल त्याला आधी. सोडतीत निदान नशीब सगळ्यांना सारखं होतं. आधी येईल त्याला आधी, या नियमात ज्याला आधी कळतं तोच आधी पोचतो.

अशा वेळी अमेरिकेतून काय उचलावं? निवडून आलेल्या काउंटी समित्या मुळीच नकोत. विकास सोसायटीच्या निवडणुका ज्याने पाहिल्या आहेत त्याला कारण सांगावं लागणार नाही, आणि मिसिसिपीचा अनुभव वर आलाच आहे. एका छपराखालची सगळी टेबलं हवीत, पण त्याला इमारती, बदल्या आणि दोन खात्यांचा अहंकार आडवा येतो. वीस वर्षं लागतील. पावती मात्र पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच, मुदत आणि अपील दिलेलंच आहे. त्याला एक पायरी खाली उतरवायचं: तालुका कृषी कार्यालयात, पंचायत समितीच्या कृषी विभागात, आणि गावात येणाऱ्या कृषी सहायकाकडे (२०२५ पासून पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी), कुणी काही विचारलं की दुप्रतीत नोंद. तारीख, नाव, काय विचारलं, कोणत्या योजना सांगितल्या, अर्ज दिला की नाही, नाही तर का, आणि सही. एक प्रत विचारणाऱ्याच्या हातात.

कृषी सहायकांकडे आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांच्याकडून पंचनामे, पीकपाहणी, निवडणुकीची कामं करून घ्यायची आणि वर हे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि त्यावर उत्तर त्यांच्याकडची इतर कामं कमी करणं हेच आहे. पावती लिहिणं हे त्यांच्या मूळ कामाला सर्वांत जवळचं काम आहे. त्यात त्यांचाही फायदा आहे. ‘कृषी सहायक गावात फिरकत नाही’ या गावोगावच्या तक्रारीला आज त्यांच्याकडे कागदी उत्तर नाही. पावत्यांची थप्पी असेल तर असेल.

आणि आकडे बदलतील. आज प्रत्येक योजनेचा एक आकडा बाहेर येतो, लक्षांक किती आणि त्यातला किती पूर्ण झाला. लक्षांक शंभर टक्के गाठला की खातं खूश, मग ते शंभरही जण दरवर्षी तेच का असेनात. त्याऐवजी तीन आकडे ग्रामसभेत वाचावेत: विचारलं किती जणांनी, अर्ज किती जणांचे गेले, मिळालं किती जणांना. विचारणाऱ्यांत बायका किती, सामाईक सातबाऱ्याचे किती, बटाईवाले किती. समतल बांधाबद्दल वर्षभरात एकाही माणसाने विचारलं नसेल तर तो शून्यही वाचावा, कारण त्या शून्याचा अर्थ गावाला बांध नको असा होत नाही, त्याबद्दल कुणी बोललंच नाही असा होतो.

अधिकारी पावतीवर नुसतं ‘माहिती दिली’ एवढंच लिहून मोकळे होतील, असं एक मित्र म्हणाला. तो स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन आहे. लिहू देत. योजनेचं नाव, तारीख आणि सही एवढं जरी त्या कागदावर असलं तरी मुदत संपल्यावर ‘तुम्ही आलाच नव्हता’ असं कुणाला म्हणता येणार नाही, आणि तेवढ्यावर अपील दाखल होतं.